जुनी पेट्रोल गाडी ऑइल खाते आहे? इंजिन उघडण्याआधी एवढं तपासा

सर्व्हिसिंगला दोन महिने झाले नाहीत तोच डिपस्टिक जवळजवळ कोरडी निघते. अर्धा लिटर ऑइल टाकून वेळ निभावली, तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या पेट्रोल गाड्यांचे मालक हा प्रश्न सतत विचारतात आणि त्यांच्या पत्रांचा शेवट बहुतेक सारखाच असतो: ‘मेकॅनिक म्हणतो रिंगा गेल्या, इंजिनचं काम करावं लागेल. करू का?’

लगेच हो म्हणू नका. मेकॅनिकचं म्हणणं खरंही असेल, पण ऑइल कमी होण्याच्या वाटा तीन आहेत. ते बाहेर गळतं. किंवा वरून, म्हणजे हेडमधून वा इंजिनमधले वायू इनटेककडे नेणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून ओढलं जाऊन जळतं. किंवा खालून, पिस्टनच्या रिंगांना चुकवून वर येतं आणि जळतं. पहिल्या दोन वाटा बंद करायला काहीशे ते काही हजार रुपये लागतात. तिसरीचा खर्च पाच आकडी असतो. तिन्हींची लक्षणं एकमेकांत मिसळलेली असतात, म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. स्वस्त आणि काही न उघडता होणारी तपासणी आधी, महागडी शेवटी. हा क्रम उलटा झाला की इंजिन बांधून आल्यावरही ऑइल कमी होत राहतं, कारण गळणारं पॅकिंग किंवा ब्रीदरचा तुंबलेला व्हॉल्व्ह कुणी पाहिलेलाच नसतो.

लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका

डॅशबोर्डवरचा किटलीच्या आकाराचा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो. बहुतेक जुन्या लहान गाड्यांत पातळी सांगणारा दिवा नसतोच. दाब पडतो तेव्हा चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतलं, ऑइल इतकं उतरलेलं असतं की पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागतो आणि बेअरिंगांवरचा ऑइलचा पातळ थर तुटतो. त्यामुळे:

- चालत्या गाडीत हा दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन तत्काळ बंद करा. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ असा विचार करू नका.
- पाच-दहा मिनिटांनी पातळी बघा. कमी असेल तर ऑइल भरा. पातळी ठीक असूनही दिवा विझत नसेल, तर गाडी ओढूनच न्या.
- वळणावर किंवा जोराचा ब्रेक लावल्यावर दिवा क्षणभर लुकलुकला, तरी पातळी बरीच खाली गेली आहे असं समजून त्याच दिवशी तपासा.

पहिलं काम: खप मोजा

‘खूप खाते’, ‘जरा जास्तच खाते’ यावरून कोणताही चांगला मेकॅनिक निदान करू शकणार नाही. त्याच्याकडे आकडा घेऊन जा. तो काढायला लागणारं सामान म्हणजे एक फडकं, एक मापाचं भांडं आणि एक वही.

१. गाडी सपाट जागी उभी करा. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तेवढ्यानेही डिपस्टिकवरची खूण बदलते. दर वेळी तीच जागा घ्या, गाडीचं तोंडही त्याच दिशेला ठेवा.

२. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बघा. रात्रभरात सगळं ऑइल चेंबरमध्ये उतरलेलं असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत इंजिन गरम असताना, बंद केल्यावर काही मिनिटांनी बघायला सांगितलं असेल तर तसं करा. पण पूर्ण चाचणीत पद्धत बदलू नका.

३. डिपस्टिक पुसून पूर्ण आत घाला, बाहेर काढून दोन्ही बाजू बघा. नळीच्या कडेला लागलेलं ऑइल एका बाजूला वर फासलं जातं, म्हणून जी बाजू कमी दाखवते ती खरी धरा.

४. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, किलोमीटरचा आकडा वहीत लिहा.

५. दर आठवड्याला पातळी बघा. १,००० किलोमीटर झाले की, किंवा त्याआधी पातळी खालच्या खुणेजवळ आली तर तेव्हा, पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरा. किती मिलिलिटर लागलं ते मोजून लिहा.

समजा ९०० किलोमीटरमध्ये ४५० मिलिलिटर लागलं, तर खप १,००० किलोमीटरला ५०० मिलिलिटर झाला. हे माप लागोपाठ दोनदा घ्या आणि दोन्ही आकडे जवळपास जुळले तरच त्यावर विसंबा. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये बहुतेक लहान गाड्यांत साधारण पाऊण ते एक लिटरचं अंतर असतं, हे घाईच्या वेळी अंदाजासाठी लक्षात ठेवा.

या मापात तीन गोष्टी दगा देतात. ऑइल बदलल्यावर इंजिन एकदा सुरू करून बंद करेपर्यंत नवा फिल्टर रिकामा असतो. तो भरला की पातळी खाली येते आणि मालकाला वाटतं ऑइल खायला लागली. दुसरी गोष्ट, सर्व्हिस सेंटरमध्ये वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरलं जाणं. जादा ऑइलला फिरता क्रँक घुसळतो, त्याचा फेस होतो आणि तो ब्रीदरच्या नळीतून ओढला जातो. अशा गाडीचा सुरुवातीचा खप फसवा असतो, म्हणून आधी जादा ऑइल काढून घ्या आणि मगच चाचणी सुरू करा. तिसरी गोष्ट याच्या उलट आहे. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मिसळतात आणि पातळी टिकून असल्यासारखी दिसते. मग मुंबईहून कोल्हापूरला जाऊन आल्यावर ती एकदम खाली गेलेली आढळते, कारण लांबच्या प्रवासात ते पेट्रोल आणि पाणी उडून जातं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर चाचणी लांबच्या प्रवासातच घ्या.

किती खप म्हणजे जास्त?

काही कंपन्यांच्या पुस्तिकांत १,००० किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप ‘स्वीकारार्ह’ म्हटलेला असतो. तो आकडा प्रामुख्याने वॉरंटीचे दावे कुठवर मानायचे हे ठरवतो. लहान गाडीच्या इंजिनात एकूण ऑइलच साधारण तीन लिटर असतं. त्या हिशेबाने १०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसपर्यंत दहा लिटर, म्हणजे पूर्ण चेंबर तीनदा रिकामा झाला. याला निरोगी इंजिन म्हणता येणार नाही. जुन्या गाडीसाठी मी पुढील ढोबळ मर्यादा पाळायला सांगतो:

- १०० मिलिलिटरपर्यंत (दर १,००० किलोमीटरला): काही करू नका. नवी इंजिनंही थोडं ऑइल जाळतातच.
- १०० ते ३००: दर पंधरा दिवसांनी पातळी बघत जा, गळती आणि ब्रीदर तपासून घ्या.
- ३०० ते ६००: पूर्ण निदान करून घ्या.
- ६०० च्या वर: निदान होईपर्यंत दर वेळी टाकी भरताना डिपस्टिक बघा आणि गाडीत एक लिटरचा डबा ठेवा.

आकड्याइतकंच महत्त्व बदलाच्या वेगालाही आहे. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेला खप झिजेकडे बोट दाखवतो. महिन्याभरात एकदम वाढला असेल तर गळती, तुंबलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह, चुकीच्या ग्रेडचं ऑइल किंवा मधे कधी तरी इंजिन उकळलं होतं का, हे आधी बघा.

गळती शोधताना वरून खाली या

पार्किंगमध्ये डाग नाही म्हणून गळती नाही असं मानू नका. कित्येक गळत्या इंजिन गरम असताना, दाबाखालीच होतात. ते ऑइल वाऱ्याने मागे पसरतं किंवा सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडून जळून जातं, खाली थेंबही पडत नाही. सिग्नलला थांबल्यावर बॉनेटकडून जळकट वास येत असेल तर ही खूण समजा.

आधी इंजिन बाहेरून स्वच्छ करून घ्या. वायरिंग आणि इग्निशन कॉइल झाकायला सांगा. पाण्याचा जोरदार फवारा थेट इंजिनवर मारू देऊ नका. मग पन्नासेक किलोमीटर चालवा आणि टॉर्च घेऊन बघा. ऑइल खाली आणि मागे वाहतं, म्हणून सगळ्यात वरचा ओला ठिपका हेच उगमस्थान. खालचा चेंबर ओला दिसतो म्हणून चेंबरचं पॅकिंग बदललं आणि गळती वरच्या टॅपेट कव्हरची निघाली, हे गॅरेजमध्ये वारंवार घडतं.

बघायच्या जागा:

- टॅपेट कव्हरचं पॅकिंग. जुन्या गाड्यांत सर्वांत जास्त सापडणारी आणि सर्वांत स्वस्तात सुटणारी गळती. स्पार्क प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर कव्हरच्या आतली प्लगनळीची सील गेलेली असते. प्लगच्या बाहेरच्या बाजूचं हे ऑइल पाहून कुणी ‘रिंगा गेल्या’ म्हणालं तर मानू नका. त्याचा रिंगांशी संबंध नाही.
- ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक, ड्रेन प्लगचा वॉशर. अलीकडेच सर्व्हिसिंग झालं असेल तर इथूनच सुरुवात करा.
- कॅमशाफ्टच्या टोकाची सील. मारुती ८०० सारख्या डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंगही बघा.
- क्रँकची पुढची ऑइल सील. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात हे ऑइल बेल्टवर पडतं आणि बेल्ट खराब होतो, त्यामुळे हे काम लांबवू नका.
- क्रँकची मागची सील. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या सांध्याच्या तळाशी थेंब दिसतो. ही बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लचप्लेट बदलायला आलीच असेल तर दोन्ही कामं एकत्र करा, मजुरी एकदाच लागेल.

उगम सापडत नसेल तर ऑइलमध्ये रंगद्रव्य टाकून अतिनील टॉर्चखाली बघायची सोय मोठ्या गॅरेजमध्ये असते. एसीचं पाणी उन्हाळ्यात गाडीखाली टपकतं, ते स्वच्छ पाणी असतं. बोटाने चोळून खात्री करा.

पीसीव्ही व्हॉल्व्ह: छोटा भाग, मोठी दिशाभूल

जळलेल्या वायूंचा थोडा भाग रिंगांना चुकवून चेंबरमध्ये उतरतो, अगदी नव्या इंजिनातही. ते वायू पुन्हा इनटेककडे खेचून जाळण्यासाठी एक नळी (ब्रीदर) आणि एकाच दिशेने उघडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तो काजळीने उघडाच अडकला तर इनटेक ऑइलचे तुषार ओढू लागतं. बंद अडकला तर चेंबरमध्ये दाब साचतो आणि ऑइल सीलमधून, पॅकिंगमधून जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. म्हणजे एकाच तुंबलेल्या व्हॉल्व्हमुळे ऑइल जळूही शकतं आणि गळूही शकतं.

इथली सर्वांत महाग चूक अशी होते. मेकॅनिक चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण काढतो, भकाभका वाफ आणि हवा बाहेर येते, आणि तो म्हणतो, ‘बघा, बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा संपल्या.’ रिंगा संपल्यावर असं होतं हे खरं आहे. पण ब्रीदरची नळी तुंबली असेल तरी हुबेहूब असंच होतं. म्हणून आधी व्हॉल्व्ह काढून हलवून बघा. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये आतला भाग खुळखुळला पाहिजे. शंका असली तरी बदला, कारण तो स्वस्त असतो. नळ्या साफ करा, चिरलेली असेल ती बदला, आणि त्यानंतर झाकण उघडून पुन्हा बघा. थ्रॉटल बॉडीच्या आधीची मोठी हवेची नळी आतून ऑइलने ओली असेल, तर ब्रीदर तपासायला हे आणखी एक कारण.

व्हॉल्व्ह बदलल्यावर १,००० किलोमीटरचं माप पुन्हा घ्या. बरेच जण हे टाळतात आणि मग कोणत्या कामाने फरक पडला ते कळतच नाही.

धूर कधी येतो, त्याकडे बघा

निळसर धूर ऑइलचा, काळा जादा पेट्रोलचा, आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही असा दाट पांढरा धूर कूलंटचा. थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. एवढं बहुतेकांना माहीत असतं. निदानासाठी मात्र रंगापेक्षा धुराची वेळ जास्त उपयोगाची.

- रात्रभर उभी गाडी सुरू केल्यावर निळा भपका, मग बंद: व्हॉल्व्ह सील. रात्रभरात हेडमधलं ऑइल कडक झालेल्या सीलमधून व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपतं आणि पहिल्या काही सेकंदांत जळतं.
- घाट उतरून आल्यावर अॅक्सिलरेटर दाबताच निळा धूर: पुन्हा व्हॉल्व्ह सील किंवा झिजलेले व्हॉल्व्ह गाइड. कुंभार्ली किंवा आंबा घाट गिअरमध्ये, पाय सोडून उतरताना इनटेकमध्ये जोरदार निर्वात तयार होतो आणि ऑइल खाली ओढलं जातं. मागच्या गाडीत कुणाला तरी बसवून धूर बघायला सांगा, आरशात तो नीट दिसत नाही.
- चढावर, भार असताना सतत निळा धूर: रिंगा किंवा बोअर.

एक गैरसमज इथेच दूर करतो. धूर दिसत नाही म्हणजे ऑइल जळत नाही असं नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत असेल तर तो बरंचसं ऑइल न दिसता जाळून टाकतो. याची किंमत तोच मोजतो: ऑइलमधला फॉस्फरस त्याच्या आतल्या थरावर बसतो आणि काही काळाने कन्व्हर्टर निकामी होतो. मग पीयूसी चाचणीत हायड्रोकार्बनचा आकडा वाढलेला येतो. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना पीयूसी प्रमाणपत्र वर्षभर चालतं, त्याआधीच्यांना सहा महिने. जुनी प्रमाणपत्रं फेकू नका. त्यांवरचे आकडे ओळीने लावले तर इंजिन कधीपासून बिघडत गेलं ते दिसतं. प्रदूषण मर्यादेबाहेर असलेल्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्लग आणि कॉम्प्रेशन: निकाल देणारी तपासणी

सगळे प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडायला सांगा आणि मोबाइलमध्ये फोटो घ्या. ऑइल जळत असलेल्या सिलिंडरचा प्लग ओला, काळपट किंवा राखेचा खडबडीत थर चढलेला असतो. एकच प्लग खराब आणि बाकीचे तपकिरी-स्वच्छ असतील तर त्या एका सिलिंडरचं व्हॉल्व्ह सील, तुटलेली रिंग किंवा हेड गॅस्केट अशी विशिष्ट जागा शोधावी लागेल. सगळेच सारखे काळे असतील तर सर्वांना समान असलेलं कारण, म्हणजे ब्रीदर किंवा एकूण झीज.

मग कॉम्प्रेशन. ही चाचणी अर्ध्या तासाची असते, पण घाईत केली तर तिचे आकडे निरुपयोगी ठरतात. तिथे उभे राहून एवढं बघा: इंजिन गरम आहे, सगळे प्लग काढले आहेत, पेट्रोल आणि इग्निशन बंद केलं आहे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आहे, बॅटरी भरलेली आहे. प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. अपेक्षित दाब तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. त्याखेरीज सिलिंडरांमधला फरक बघा. सर्वांत जास्त आकड्यापेक्षा एखादा सिलिंडर १०-१५ टक्क्यांहून अधिक खाली असेल तर तिथे दोष आहे. त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला तर रिंगा किंवा बोअर, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

याहून नेमकी लीक-डाउन चाचणी: पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कॉम्प्रेशन उत्तम असूनही गाडी रिंगांमुळे ऑइल खाऊ शकते. पिस्टनवर सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन प्रामुख्याने दाब धरतात. खालची ऑइल रिंग बोअरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून परत पाठवते. वेळेवर न बदललेल्या ऑइलचा गाळ या रिंगेत बसतो, ती खोबणीत चिकटते आणि खरवडणं थांबवते. कॉम्प्रेशन गेज वरच्या रिंगा मोजतो, खालची नाही. काही इंजिनांत तर हा दोष रचनेतूनच आला. टोयोटाने अमेरिकेत २००७ ते २००९ च्या कॅमरीसह काही गाड्यांच्या २.४ लिटर पेट्रोल इंजिनांसाठी वॉरंटी वाढवून पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. त्यासाठीही निकष मोजलेल्या खपाचाच होता: ऑइल भरायचं, सुमारे १,९०० किलोमीटर चालवायचं, किती कमी झालं ते बघायचं.

म्हणून गळती नाही, ब्रीदर ठीक, सकाळचा भपका नाही, कॉम्प्रेशन चांगलं, तरी खप ५०० च्या वर असेल तर चिकटलेली ऑइल रिंग हा पहिला संशय. इंजिन उघडण्याआधी एक उपाय करून बघण्यासारखा आहे: प्लगच्या भोकांतून पिस्टनवर काजळी विरघळवणारं द्रव्य रात्रभर ठेवायचं, सकाळी प्लग न लावता इंजिन फिरवून ते बाहेर काढायचं, मग ऑइल आणि फिल्टर बदलायचा. प्लग लावून इंजिन फिरवलं तर न दबणाऱ्या द्रवामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, म्हणून हे काम जाणत्या हातानेच व्हावं. हा उपाय लागू पडेलच असं नाही. तरी त्यानंतर दोनदा दर ३,०००-४,००० किलोमीटरला चांगलं ऑइल बदलून खप मोजा. अनेक इंजिनं एवढ्यावर बरीच सुधारतात.

हेड गॅस्केटबद्दल थोडक्यात: कूलंट कमी होणं, कूलंटच्या बाटलीत तेलकट तवंग, डिपस्टिकवर दुधी फेस. नुसता झाकणाच्या आत पांढुरका थर पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळेही धरतो, त्यावरून हेड उतरवू नका.

जाड ऑइल टाकू का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येकाचा असतो. पुस्तिकेत दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतील तर त्यांतली जाड ग्रेड घ्यायला हरकत नाही. १०डब्ल्यू-३० च्या जागी १०डब्ल्यू-४० टाकून खप थोडा कमी होऊ शकतो. पण ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात थेट २०डब्ल्यू-५० ओतू नका. सकाळी सुरू होताना ते हेडपर्यंत पोहोचायला वेळ लावतं आणि त्या वेळात कॅमशाफ्ट झिजतो. गळती थांबवणारी बाटलीबंद द्रव्यं कडक झालेली रबरी सील थोडी फुगवतात. किरकोळ झिरपण्याला उपयोग होतो, झिजलेल्या रिंगांना नाही. फार गाळ असलेल्या इंजिनात फ्लश टाळा, सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकतो. आणि सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत ऑइल बराच काळ स्वच्छ दिसतं, म्हणून पातळी बघायचं सोडू नका.

निदान झालं. आता निर्णय

टाकत राहणं. हा पर्याय सांगायला गॅरेजवाले कचरतात, पण तो खरा पर्याय आहे. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालते, दर १,५०० ला एक लिटर लागतं, लिटरला ४०० रुपये धरले, तर वर्षाचा खर्च साधारण २,१०० रुपये. गाडी आणखी दोनच वर्षं ठेवायची असेल, धूर दिसत नसेल, पीयूसी पास होत असेल आणि तुम्ही नियमाने डिपस्टिक बघणार असाल, तर इंजिन बांधण्यापेक्षा हे शहाणपणाचं. घरात चार जण गाडी वापरतात आणि डिपस्टिक कुणीच बघत नाही, तर हा पर्याय घेऊ नका.

व्हॉल्व्ह सील. बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून सील बदलता येतात. गॅरेजला हे जमतं का विचारा. गाइड झिजलेले असतील तर नवी सील लवकरच पुन्हा जातात, म्हणून गाइडचा खुळखुळ तपासल्याशिवाय काम संपवू देऊ नका.

रिंग-पिस्टन. ‘नुसत्या रिंगा टाकू, बोअर चांगला आहे’ हे डोळ्यांनी बघून ठरत नाही. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजला पाहिजे. बोअर लंबगोल झाला असेल तर नव्या रिंगा त्याला धरणार नाहीत. बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टनच टाकावे लागतील. लेथवाल्याकडून मापं कागदावर घ्या. काम झाल्यावर पहिले १,००० किलोमीटर एकाच वेगाने लांब पळवणं, उंच गिअरमध्ये इंजिन दमवणं आणि तासन्‌तास उभ्या गाडीत चालू ठेवणं टाळा. ५०० ते १,००० किलोमीटरवर ऑइल बदला. रिंगा बसेपर्यंत थोडा खप होतो, तो हळूहळू कमी व्हायला हवा.

जुन्या बाजारातलं इंजिन. स्वस्त वाटतं, पण त्याची अवस्था कुणालाच ठाऊक नसते. इंजिन नंबर बदलला की आरटीओकडे आरसीवर नोंद करावीच लागते आणि त्यासाठी इंजिनच्या मालकीची कागदपत्रं लागतात. ती नसतील तर घेऊ नका. विमा दावा आणि पुढची विक्री दोन्ही अडकतील.

गाडी सोडणं. पंधरा वर्षं पूर्ण होत असतील तर नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. त्याचं शुल्क आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर इंजिनच्या खर्चात मिळवा आणि मग ठरवा. मोडीत काढायची तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द झाल्याची खात्री करा.

गॅरेजशी व्यवहार करताना तुमचे हक्क

- काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक मागा: सुटे भाग, लेथचं काम आणि मजुरी वेगवेगळी. त्याबाहेरचं काम तुमची लेखी किंवा मेसेजवर संमती घेतल्याशिवाय करायचं नाही, हे जॉब कार्डवर लिहून घ्या.
- जॉब कार्डवर तक्रार आकड्यात लिहा: ‘१,००० किमीला ५०० मिली खप’. ‘ऑइल चेक करणे’ एवढंच लिहिलं तर पुढे काहीच सिद्ध होत नाही.
- काढलेल्या रिंगा, पिस्टन, सील परत मागा. ते तुमचे आहेत आणि वाद झाला तर पुरावाही तेच.
- बिल घ्याच. मागूनही बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. हमीची मुदत आणि किलोमीटर बिलावरच लिहून घ्या.
- हमीच्या मुदतीत पुन्हा ऑइल कमी होऊ लागलं तर दुसऱ्या गॅरेजमध्ये इंजिन उघडू नका. आधी त्याच गॅरेजला खपाच्या नोंदींसह लेखी कळवा आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत द्या.

एवढ्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरेच वाद तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून तक्रार करता येते. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात ती दाखल होते, ऑनलाइनही करता येते आणि वकील सक्तीचा नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रारीला जॉब कार्ड, बिल, लेथची मापं, कॉम्प्रेशनचे आकडे, गॅरेजला पाठवलेलं पत्र आणि तुमच्या वहीतल्या खपाच्या पानांच्या प्रती तारखेच्या क्रमाने जोडा.